नाहूआची देवराई

नाहूआ सिलुएला कुणी नीट टेकून बसलेला पाहिला नव्हता. खुर्चीच्या कडेवर अर्धं बूड, एक पाय दाराकडे. जेवतानाही तसाच. मक्याच्या उकडीचा घास भेंडीच्या रश्श्यात बुडवायचा नि तोंडात जायच्या आत उठून आतल्या खोलीत डोकावायचा.

"पळून जाणारेत का ते?" बायको येले विचारायची. "लाकडाचेच आहेत ना?"

आतल्या खोलीत मुखवटे होते. कोऱ्होगो शहराच्या बाजारातलं त्याचं दुकान नव्या कोरीवकामाचं, येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी. पण ही खोली त्याची स्वतःची. गावोगावी मयताला नाचलेले, मग चिरले म्हणून नवा कोरून घेतल्यावर बाजूला ठेवलेले जुने मुखवटे तो मोपेडवरून हिंडून गोळा करायचा. लहानसे चेहरे, अर्धमिटले डोळे, सरळ नाक, गालांवर वळ. ते तो कुणाला विकत नसे.

"एवढी तोंडं भिंतीवर," येले भांडणात हमखास म्हणायची, "आणि तुमच्या मढ्यापुढं त्यातलं एक नाचेल तर शपथ!"

हे मात्र त्याला झोंबायचं, कारण खरं होतं. अठराव्या वर्षी, सोबतीची पोरं देवराईत पोरोची, म्हणजे गावच्या पुरुषमंडळाची, दीक्षा घ्यायला शिरली, तेव्हा नाहूआ दक्षिणेच्या कोकोच्या मळ्यांकडे पळाला होता. तिथं पगार होता, सिनेमा होता. देवराईत थोरल्यांच्या शिव्या आणि वर्षानुवर्षांची राबणूक. पण ज्यानं दीक्षा पुरी केली नाही, त्याला मेल्यावर माती मिळते, मुखवटा मिळत नाही. आणि मुखवट्यानं वाट दाखवली नाही तर मेलेला पूर्वजांच्या गावी पोचत नाही, घरांमागून घुटमळत राहतो. पन्नाशी उलटल्यापासून नाहूआ जिवंतपणीच घुटमळायला लागला होता.

झांगामामा गेल्याचा फोन आला तो सकाळी. फोनवर फानिजोबाबा, देवराईचे म्होरके.

"भाच्या, मामा गेला तुझा. आणि आपल्या मुखवट्याला वाळवी लागलीय, हातात घेतला तर जबडाच निखळला. नवा कोरायला वेळ नाही. तुझ्याकडचा आण."

नाहूआनं फोन ठेवला आणि तो चक्क हसला.

"मामा मेला नि हसताय?" येले म्हणाली.

"माझा मुखवटा नाचणार आहे, येले! माझा!"

त्यानं सगळ्यांत देखणा काढला. तो मामाच्याच गावचा, मामानंच कधीतरी दिलेला. त्याला कापडानं पुन्हा घासलं, चकचकीत केलं, गुंडाळलं आणि येलेला मागं बसवून मोपेड हाणली.

गावात लाकडी पट्ट्यांचे बालाफोन वाजत होते. नातलगांनी आणलेल्या कापडांची चवड मामापाशी चढत होती. नाहूआ कुणाला भेटला नाही, रडला नाही. तडक देवराईच्या तोंडाशी गेला.

"तिथंच!" फानिजोबाबा आतून ओरडले. "पाऊल टाकू नकोस. खाली ठेव."

"बाबा, हातात देतो की."

"न शिरलेल्याच्या हातून आम्ही घेत नाही. ठेव."

त्यानं ठेवला. बाबांनी उचलला, नाकाशी नेला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"हे काय फासलंस रे?"

"बुटाचं पॉलिश." नाहूआ अभिमानानं म्हणाला. "दर महिन्याला लावतो. वाळवीची काय बिशाद!"

आत कुणीतरी फिसकन हसलं. बाबा हसले नाहीत.

"झांगाला पूर्वजांकडे पाठवायचंय, लग्नाला नाही. ह्यात नाचणाऱ्यांचा घाम मुरलेला होता, तो पुसलास तू. आता आम्हाला आधी हा धुवावा लागेल."

"मी सांभाळला, बाबा! इतकी वर्षं!"

"टांगलास. सांभाळणं आत असतं."

नाहूआ या पायावरून त्या पायावर झाला. मग हळूच म्हणाला, "माझ्या वेळी... नाचेल का हा?"

"तुला ठाऊक आहे."

"बकरा देतो. दोन देतो. आता या वयात, या गुडघ्यांनी..."

"बकऱ्यालासुद्धा आपल्या पायांनीच आत यावं लागतं," बाबा म्हणाले. "नवी तुकडी बसलीय. यायचं तर त्यांच्यात ये, शेवटून पहिला. नाहीतर जा, बायकांत उभा राहा."

तो बायकांत जाऊन उभा राहिला. येलेनं सरकून त्याला जागा दिली.

मुखवटा बाहेर आला. नाचणारा लहान, तुटक पावलं टाकत मढ्याभोवती फिरू लागला, थबकला, वाकला, पुन्हा फिरला. नाहूआ टाचा उंचावून बघत होता. त्या मुखवट्याची प्रत्येक चीर त्याला पाठ होती, अंधारात बोटांनी ओळखला असता त्यानं. पण पॉलिश उतरलेला, घामानं निथळणारा हा चेहरा त्याच्या ओळखीचाच नव्हता. त्यानं एकदाही नाहूआकडे पाहिलं नाही. मामाकडे मात्र टक लावून पाहिलं आणि पुढं झाला, जणू चल म्हणाला.

माती झाली. लोक पांगले. नाहूआनं खिशातली दुकानाची किल्ली काढून येलेच्या हातात कोंबली. मग चपला दिल्या. मग सदरा.

"अहो, हे काय?"

"दुकान उघड तू."

"आणि तुम्ही? किती वर्षं लागतात?"

"कोण जाणे. तेव्हा ऐकायला थांबलो कुठं होतो!"

"गुडघ्याला लावायचं तेल तरी न्या!" ती ओरडली. हसली की रडली, त्याला मागं वळून पाहायचं नव्हतं.

देवराईच्या तोंडाशी वानिगे उभा होता. कोऱ्होगोत मोपेडवरून नाहूआची पोती वाहणारा, 'शेठ, शेठ' म्हणत चहाला थांबणारा पोरगा. त्याची तुकडी आधीची, म्हणून तो इथं थोरला. नाहूआ त्याच्याकडे पाहून ओशाळं हसला.

"दात काय दाखवतोस, ए नव्या?" वानिगे खेकसला. "चूल पेटवायचीय. लाकडं आण!"

नाहूआ झुडपांत घुसला. काटे लागले, पाठीत उसण भरली. भारा डोक्यावर घेऊन लंगडत आला आणि वानिगेपुढं टाकला. वानिगेनं एक फाटी मोडून पाहिली.

"ओली आहेत. दुसरी आण."

"अरे, मी तुझ्या बापाच्या..." नाहूआच्या तोंडाशी आलं. त्यानं ते गिळलं, भारा उचलला आणि परत वळला.