आण्णांना घेऊन सटाण्याला न जाणारी गाडी

कुणी भुताची गोष्ट काढली की मी मधेच खोकून तिचा विचका करणारा माणूस. त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय... तरी लिहितो.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात क्वालिटीत, म्हणजे माल तपासायच्या विभागात होतो. बायको म्हणायची, "कंपनीतलं माहीत नाही, घरात तुम्ही आणलेलं कलिंगडसुद्धा कधी लाल निघालं नाही." तरी सेकंडहँड गाडी मीच निवडली — पेट्रोलवर चालणारी, छोटी, पण जीपसारखी उंच. पत्र्याला लोहचुंबक लावून ठोकर झाकणारी पुट्टी शोधली, धूर बघायला सायलेन्सरला पांढरा रुमाल धरला. मालक वैतागला, "साहेब, गाडी घ्यायचीय का सून?"

गाडी घेतली आण्णांसाठी, म्हणजे वडिलांसाठी. सटाण्याची आत्या अंथरुणाला खिळली होती. त्यांची एकुलती एक बहीण. आण्णांना एसटीचे धक्के सोसत नव्हते.

पहिल्या रविवारी निघालो. ओझरजवळ गाडी गपकन बंद! मी बॉनेट उघडून जाणकारासारखं दिसेल त्या वायरीला हात लावला. काही नाही. आण्णा म्हणाले, "वाट अडली रे. आज पुढं जायचं नाही." शकुन-अपशकुन मी मानत नाही, पण गॅरेज मानतो — वळवू म्हटलं. दोघा-तिघांनी ढकलून तोंड नाशिककडे केलं, आणि पहिल्याच सेल्फला गाडी सुरू.

प्लग बदलले, गाडीतला फ्युएल पंप बदलला. पुढच्या रविवारी पिंपळगावच्या अलीकडे पुन्हा तेच. घराकडे वळवली की सुरू!

मेकॅनिक म्हणाला, "गाडीत काय नाय साहेब. एकटे जाऊन बघा."

गेलो. थेट सटाण्यात, कुठेही न थांबता. आत्यानं दाराकडे बघत विचारलं, "दादाला नाही आणलंस?"

"रविवारी आणतो, आत्या."

गुरुवारी सकाळी फोन आला. आत्या गेली.

आण्णा पुढच्या सीटवर बसले. मी किल्ली फिरवली. ओझर गेलं. पिंपळगाव गेलं. मी प्रत्येक वळणावर ती बंद पडायची वाट बघत होतो... खरं सांगतो, पडावी असंच वाटत होतं. भावडबारी घाटाचा चढ तर ती लोण्यासारखी चढली.

वर आल्यावर आण्णांनी विचारलं, "आता कशी चालते रे ही?"

मी गिअर बदलला आणि गाडी सटाण्याच्या बाजूच्या उताराला लावली.