अप्पांच्या खुर्चीशेजारचा प्रिंटर

माझे सासरे प्रिंटरची वायर पायाच्या अंगठ्याने काढायचे. जेवण झालं, सुपारी तोंडात गेली, की आरामखुर्चीत रेलून पाय लांब करायचे, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या चिमटीत पिन धरायची आणि खटकन ओढायची. "कार्यालय बंद," म्हणायचे आणि डोळे मिटायचे. आत बेडरूममध्ये मी कॉम्प्युटरपुढे, चाळीस प्रश्नपत्रिकांपैकी सतरावी अर्धी छापून अडकलेली. चार वाजता उठल्यावर मात्र वाकून, हाताने, नीट लावायचे.

अप्पा पस्तीस वर्षं एका सरकारी कचेरीत जावक कारकून होते. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाची वहीत नोंद करायची, त्यावर नंबर टाकायचा, शिक्का मारायचा. निवृत्त झाले तरी वही सुटली नाही. कोपर स्टेशनजवळच्या आमच्या वन बीएचकेत मी क्लासवाल्यांच्या प्रश्नपत्रिका टाइप करून छापून द्यायला लागले, तेव्हा त्यांनी फर्मान काढलं, "या घरातून बाहेर जाणारा कागद माझ्या नजरेखालून जाईल." झालं. कॉम्प्युटर बेडरूममध्ये आणि प्रिंटर हॉलमध्ये, अप्पांच्या खुर्चीशेजारी. नवरा ठाण्याहून लांब यूएसबी केबल घेऊन आला. दुकानदाराने त्याला बजावलं होतं, पाच मीटरच्या पुढे ही धड चालत नाही, मधे बूस्टर टाकलात तरी भरवसा नाही. मी म्हटलं, "अहो, मग प्रिंटरच आत घेऊ ना!" तो म्हणाला, "तू सांग अप्पांना." म्हणजे विषय संपला. दोन केबली, मधे बूस्टर, दारांच्या चौकटींवरून खिळे ठोकत दहा-बारा मीटर वायर फिरवली.

ती कधी चालायची, कधी नाही. फ्रिज सुरू झाला की प्रिंटर गायब. मग हॉलमधून हाक यायची, "मेधा, तुझ्या यंत्राने मान टाकली गं! माणसाचं लक्ष नसलं की यंत्रसुद्धा ओळख देत नाही." कोणी आलेलं असलं तर आवाज आणखी चढायचा. "बी.एस्सी. आहे हो आमची सून. एक कागद बाहेर काढता येत नाही." पाहुणे हसायचे. मी चहा घेऊन उभी. दोष केबलचा आहे हे माझ्या नवऱ्याला माहीत होतं. तो बिस्किटं खायचा.

एकदा त्यांनी दहावीच्या सबंध गठ्ठ्यावर शिक्के मारले. क्लासच्या सरांचा फोन आला, "मॅडम, पेपरवर हे जावक क्रमांक कसले? मुलं विचारतायत." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खोटं कशाला बोलू, नजर तीक्ष्ण होती त्यांची. नववीच्या गठ्ठ्यात माझ्याकडून आठवीची पानं घुसली होती, ती त्यांनीच पकडली. नाहीतर ते काम हातचं गेलं असतं. नंतर महिनाभर ऐकवलंन मात्र. तरी त्या दिवशी मला ते आवडले होते, हेही सांगून टाकते.

मग ते पत्र आलं. ठाण्यात खोपटला एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायकाची जागा होती, कायम. मी कोणाला न सांगता मुलाखत दिलेली. निवड झाल्याचं ते पत्र ईमेलने आलेलं, सोबत एक फॉर्म होता. 'हजर होईन' किंवा 'हजर होणार नाही' यातलं एक खोडायचं, खाली सही करायची आणि सोमवारपर्यंत पोचवायचा. चाळिसाव्या वर्षी कायम नोकरी! बाथरूममध्ये जाऊन तोंडात टॉवेल धरून रडले मी. रविवारी घरात सांगायचं ठरवलं.

मंगळवारी दुपारी अप्पा घोरत होते. मी पाय न वाजवता हॉलमध्ये गेले, वायर लावली, आत येऊन फॉर्म छापायला दिला. काही नाही. नेहमीप्रमाणे केबलने दगा दिला होता. मी पुन्हा जाऊन वायर काढून ठेवली, पेन ड्राइव्ह घेतला आणि खालच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणली. तिथून तशीच भाजीला गेले. कॉम्प्युटर चालूच होता आणि त्याच्या रांगेत माझा कागद तसाच उभा होता. चारला अप्पांनी वायर लावली आणि तो बाहेर आला, हे मला मागाहून कळलं.

भाजी घेऊन आले तेव्हा अप्पा खुर्चीत सुपारी कातरत होते. रविवारी मी नोकरीचं सांगितलं, तेव्हा "अरे वा," म्हणाले आणि आमटी वाढून घेतली.

सोमवारी कॉलेजच्या ऑफिसात बाईंनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. "अहो, तुमचा नकार शनिवारीच टपालाने आला. पुढच्या उमेदवार आज सकाळी हजर झाल्या." माझाच फॉर्म समोर ठेवला. 'हजर होईन' खोडलेलं, खाली माझी सही, अगदी माझ्यासारखी, आणि कोपऱ्यात ओळखीचा शिक्का, जावक क्रमांकासकट. ही सही माझी नाही, असं म्हणायला तोंड उघडलं. डोळ्यांपुढे आलं, मग पोलीस, मग सासऱ्यांच्या हातात बेड्या, मग दारात गोळा झालेलं सगळं कोपर. मी तोंड मिटलं.

घरी येऊन विचारलं, "माझी सही केलीत, अप्पा?"

"पस्तीस वर्षं साहेबांच्या सह्या केल्या. तुझी काय अवघड आहे?"

"मला विचारायचं तरी!"

"दुपारी साडेबाराला मला गरम भाकरी कोण देणार होतं? तुझं कॉलेज?" त्यांनी सुपारी कातरायला घेतली. "गेलेला कागद परत येत नाही, सूनबाई."

नवरा म्हणाला, "अगं, त्यांचं वय बघ."

आठ महिन्यांनी अप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कान आणि डोळे शाबूत. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी घरी यायची. ती म्हणाली, "काकी, यांच्या हातात कागद देत जा. लावू दे, मोजू दे. आवडीचं काम असलं की गेलेला हात लवकर परत येतो." मी बघते म्हटलं. त्याच दुपारी प्रिंटर आत नेऊन टेबलावर ठेवला. हातभर केबल पुरली. त्यानंतर एकही पान अडकलं नाही.

दार मी उघडं ठेवायचे. मुद्दाम. प्रिंटर खरखरायला लागला की अप्पांची मान तिकडे वळायची आणि चालता डावा हात वर यायचा, तळवा उघडा. नवरा म्हणाला, "दे ना एखादा रद्दी कागद. काय जातं तुझं?"

"प्रिंटर बंद आहे," मी म्हटलं. आत शंभर पानं छापली जात होती. अप्पा माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या तळव्यावर मी रक्तदाबाची गोळी ठेवली, पाणी पाजलं, तोंड पुसलं. सेवेत कसूर नाही केली. साडेबाराच्या ठोक्याला गरम भाकरी दुधात कुस्करून भरवायचे. शेजारणी म्हणायच्या, सून असावी तर अशी.

सहा महिन्यांनी अप्पा गेले. दहाव्या दिवशी ती व्यायामवाली मुलगी भेटायला आली, माझा हात हातात घेऊन बसली.

"नवल वाटतं, काकी. थोडा तरी हात यायला हवा होता. कागद देत होतात ना?"

"रोज," मी म्हटलं.