आमच्या घरची धूळ

आमच्या शहापूरच्या गल्लीतले अण्णा प्रयोगशाळेत मास स्पेक्ट्रोमीटर चालवतात. ॲलर्जीच्या इंजेक्शनातल्या अर्कात धुळीतल्या किड्यांची कुठली प्रथिनं आहेत, ते या यंत्रावर ओळखतात. किड्यांविषयी बोलतात मात्र सोयऱ्यांसारखं: "लई मानी जात. मान न्हाय दिला की नाकात शिरत्यात."

इंजेक्शनं घेऊनही माझ्या लेकीच्या शिंका थांबेनात, म्हणून अर्काशी ताडून बघायला ते आमच्या गादीतली धूळ न्यायला आले. पाहुणा येणार म्हणून बायकोनं आदल्या दिवशीच गादी उन्हात घालून बडवलेली.

"आमच्यात धूळ न्हाय. शेजारी बघा," ती फणकारली.

"व्हय वहिनी, कुठनं असणार?" म्हणत अण्णा जुन्या सोफ्यावर बसले. चहा संपेपर्यंत बूड घासत राहिले. मग दाराबाहेर जाऊन त्यांनी स्वतःच्या पँटीचं बूड नमुन्याच्या पिशवीत झटकलं आणि मला हळूच म्हणाले, "पिशवीवर नाव आमच्या घरचं घालतो."