कालच्या बांगड्याचा रंग

बाजारात बांगड्याचा कल्ला उचलून पाहताना मला हमखास एक फोन आठवतो. घाटावरून मालवणात येऊन मी दवाखाना टाकला, तेव्हा मी मासे खात नव्हतो आणि मोबाइलही नवाच घेतला होता. पेशंटची नाडी हातात न घेता औषध कसं सांगायचं, हे मला उमगत नव्हतं. एका दुपारी ओळखीच्या मासेवालीचा फोन आला. “सुनेक सातवो म्हयनो आसा, सारखी चक्कर येता.” मी म्हटलं, तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग सांगा. “लाल आसा.” मग सोमवारी आणा, असं म्हणणार होतो, पण सहज विचारलं, लाल म्हणजे किती? ती जराही न थांबता म्हणाली, “कालच्या बांगड्याच्या कल्ल्यासारखो.” मी फोनवर हात ठेवून कंपाउंडरला विचारलं, तो रंग कसा असतो? त्याचा चेहरा उतरला. “फिकट, सर. तसला मासा आम्ही घेत नाही.” मी त्यांना रिक्षा करून लगेच यायला सांगितलं. सुनेच्या अंगात रक्तच नव्हतं, त्याच दिवशी मोठ्या इस्पितळात नेऊन चढवावं लागलं. पुढच्या आठवड्यात तिच्या सासूबाई आल्या आणि माझ्या टेबलावर केळीच्या पानात दोन बांगडे ठेवून त्यांचे कल्ले उघडून दाखवू लागल्या. “ह्यो आजचो, ह्यो कालचो. बगून ठेवा.” आता पेशंट डोळ्याचे फोटो पाठवतात. फोटोत सगळंच लाल दिसतं, म्हणून मी उलट फोन करून विचारतो, “कल्लो आजचो काय कालचो?”