बत्तीस चिठ्ठ्या

माझं चार वर्षांचं संशोधन माझ्या आईने एका सकाळी घोंगडीवर उन्हात घातलं.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. मी मुंबईच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राचा हंगामी मास्तर. "निबंध छापून आला तर नोकरी कायम, नाहीतर पुढच्या जूनपासून येऊ नका," असं आमच्या प्रोफेसरांनी गोड आवाजात सांगितलं होतं. (वाईट बातमी ते नेहमी गोड आवाजातच सांगत.) त्यात कागदाचा तुटवडा! नियतकालिकाची पानं निम्म्यावर आलेली, आणि रांगेत माझ्यासारखे कितीतरी. मी सुट्ट्यांमधे कर्जत-खालापूर पालथं घालून भाताच्या बत्तीस जाती जमवल्या होत्या. प्रत्येकीची वेगळी पुरचुंडी, आत नावाची चिठ्ठी. हा खजिना खालापूरजवळ आमच्या घरी ठेवून मी खोपोलीला गेलो आणि संध्याकाळी परतलो, तर अंगणात बत्तीस जातींचा एकच ढीग!

"आई, हे काय केलंस?"

"पेरनी तोंडावर आली. बियाण्याला ऊन नको दाखवाया?"

"पण सगळं एकत्र?"

"मूठ-मूठ दानं! त्याला बत्तीस घोंगड्या कुठून आनू? आन् तुजा एक कागद हरवला नाय हो!" तिने दोऱ्याने बांधलेली चिठ्ठ्यांची गड्डी अभिमानाने माझ्या हातात ठेवली. बत्तीसच्या बत्तीस! "आता बस नि निवड. चार वरसं भातच शिकतोस ना? तुला वळखाया कितीसा येळ लागनार?"

खरी पंचाईत इथेच होती. चिठ्ठीशिवाय मला एकही जात ओळखता येत नव्हती! आणि हे कबूल करण्याऐवजी मी आईवर ओरडलो. अडाणी म्हणालो. ती उठून चुलीपाशी गेली. तो शब्द मला आजही टोचतो.

बा आत हिवतापाने कण्हत पडला होता. तो उठला, अंगावर कांबळं घेऊन ढिगापाशी बसला आणि त्याने सूप पुढे ओढलं. "ही झिनी. ही पटनी. हा वरंगळ." एखादा दाणा हुंगायचा, एखादा दाताखाली फोडायचा. सहा दिवस! मी पाठोपाठ चिठ्ठ्या लावत होतो. (भातावर डॉक्टरेट घेऊ घातलेला हमाल!) मग गुपचूप नोंदवहीतल्या मापांशी दाणे ताडून पाहिले. एकही चूक नव्हती.

"बा, तू ओळखतोस तरी कसं?"

"जल्म गेला रं त्यांच्यात."

निबंधात शेवटी बाचे आभार मानले होते. प्रोफेसरांनी विचारलं, "वडील पदवीधर आहेत?"

"नाही."

"मग राहू द्या. जागा वाचेल."

मी राहू दिलं. वर त्यांच्याच सांगण्यावरून लिहिलं, 'जातींची ओळख लेखकाने स्वतः पटवली.' निबंध छापून आला, नोकरी कायम झाली, आणि मी अंक घेऊन घरी गेलो. बाला अक्षरओळख नव्हती. त्याने पानावर तळहात फिरवला.

"माजं नाव हाय का रं यात?"

माझ्या नावात मधे बापाच्या नावाचं एकच अक्षर छापलं होतं. मी त्यावर त्याचं बोट ठेवलं. "हे बघ."

"येवढंसं?" बाने ते अक्षर बोटाने चाचपलं. मग मलाच समजावू लागला, "असूं दे. कागदाची टंचाई हाय म्हनतात."

पुढच्या पावसाळ्यात बा फार आजारी असल्याचं पत्र आलं. माझा दुसरा निबंध अर्धवट होता, तारीख जवळ आली होती. मी उलटटपाली कळवलं, आठवड्यात येतो. पोचलो तेव्हा दहावा झाला होता. आई मला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर माझे पुष्कळ निबंध छापून आले. भातातला मोठा तज्ज्ञ म्हणतात मला! अजूनही एखादा विद्यार्थी मूठभर दाणे आणून विचारतो, "सर, ही जात कोणती?" मी चष्मा लावतो, बासारखा दाणा हुंगतो, दाताखाली फोडतो, डोळे मिटतो. वर्गात सगळे श्वास रोखून बसलेले असतात.

मग मी हळूच विचारतो, "चिठ्ठी कुठाय?"