साबुदाण्याचं छत

साठीला टेकलेल्या अमेरिकन गाडीच्या छतावर साबुदाण्याच्या पापड्या वाळत घालू नयेत, असं तिच्या मॅन्युअलमध्ये कुठेही लिहिलेलं नाही. मी तीनदा पाहिलं.

ही गाडी म्हणजे माझ्या नवऱ्याचं, सुहासचं स्वप्न. लांबलचक, लाल, दोनच दारांची, आठ सिलिंडरची. बटण दाबलं की कापडी छत मागे घडी होऊन बसणार. आणली तेव्हा मात्र ती गंजाच्या रंगाची होती आणि आत उंदरांचं बिऱ्हाड होतं. टेक्ससमधल्या शुगर लँडच्या आमच्या गॅरेजमध्ये तीन वर्षं ती सुटी होऊन पडली होती. सुहास ऑफिसातून आला की तिच्यात जाऊन बसायचा, स्टिअरिंग धरायचा आणि डोळे मिटायचा. शेजारी मी.

"वारा लागतोय ना गं?" तो विचारायचा.

गाडीला चाकं नव्हती, इंजिन टेबलावर होतं, तरी आम्ही कितीदा तरी समुद्रापर्यंत जाऊन आलो. (मी तेवढ्यात किराण्याची यादी करून घ्यायची. स्वप्नात वेळ फार जातो.)

त्यात माझे सासरे नागपूरहून सहा महिन्यांसाठी आले. बाबांनी एसटीच्या वर्कशॉपमध्ये उभा जन्म बसगाड्या दुरुस्त केलेल्या. त्यांचा हात पान्याकडे गेला की सुहास म्हणायचा, "बाबा, तुम्ही बसा. कंबर सांभाळा." मग ते खुर्चीवर बसून, नव्या नातवाला काचेतून बघावं तसे गाडीकडे बघायचे. मागणं एकच होतं: "मी जायच्या आधी एक चक्कर मार बाप्पा, टप उघडून."

रविवारी त्यांचं विमान होतं. तोवर चाकं, इंजिन, लाल रंग सगळं जागेवर आलं होतं; गुरुवारी नवं छतही बसलं. दुकानदाराने बजावलं, दोन दिवस ताणून उन्हात ठेवा, शनिवारी संध्याकाळी उघडा. सुहासने गाडी घरासमोर ड्राइव्हवेत लावली.

शनिवारच्या माझ्या यादीत नववं काम होतं: बाबांसाठी पापड्या. इंडियन स्टोअरच्या पापड्या त्यांना पुठ्ठ्यासारख्या लागतात. आमच्या कॉलनीत अंगणात काही वाळत घालायला बंदी आहे; गाडीवर घालायला नाही. आणि समोर भर उन्हात एवढं मोठं, ताणलेलं छत नुसतं बसून होतं! रिकामं बसलेलं मला कुणीच बघवत नाही. प्लॅस्टिक अंथरलं, एकशे चार पापड्या घातल्या, पक्ष्यांचा त्रास नको म्हणून वर पांढरी मलमल टाकली. चोख काम!

दुपारी एकला सुहास बाहेर आला आणि मलमल बघून हरखूनच गेला. बायकोने अनावरणाची तयारी केली! (वीस वर्षांच्या संसारात मी इतकी हळवी गोष्ट कधी केली नव्हती. त्याला शंका यायला हवी होती.) आता संध्याकाळपर्यंत कोण थांबतंय? त्याने बाबांना हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं. "बाबा, वर बघा!" आणि बटण दाबलं.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. छत संथपणे उचललं गेलं, सूर्यफुलाने मान वळवावी तसं. मलमल अलगद घसरली. मागोमाग एकशे चार ओल्या पापड्या, प्लॅस्टिकसकट, शिस्तीत, छताच्या घडीत उतरल्या.

"थांब!" मी ओरडले.

"सरप्राइज!" तो ओरडला.

मी झारा घेऊन धावले. "अरे, वर पापड्या आहेत!"

"कुठे?"

"होत्या!"

त्याने घाबरून उलटं बटण दाबलं. छत अर्ध्यावर आलं आणि थांबलं. जांभई देताना मगरीचा जबडा अडकावा, तसं. आत साबुदाण्याच्या लांबलचक तारा उन्हात चमकत होत्या. (दृश्य सुंदर होतं, खोटं का बोला.)

"जोर लावला तर कापड फाटेल," सुहास म्हणाला. त्याचा आवाज एवढासा झाला होता. "संपलं. उद्या बाबा जाणार."

मी यादीकडे पाहिलं. तिच्यात यावर काहीच नव्हतं.

बाबा उतरले. बाह्या वर केल्या.

"बाबा, तुम्ही बसा..."

"सहा महिने बसलोच ना बे! आता तू बस." मग माझ्याकडे वळून, "सूनबाई, साबुदाण्यात पाणी किती घातलं होतं?"

"वाटीला सहा वाट्या."

"मग कोमट पाण्याने सुटते. किटली आण, उलथणं आण. अन् हा काऊन रडून राहिला? याला फडकं दे."

जवळजवळ पाच तास बाबा कोपरापर्यंत त्या घडीत बुडाले होते. जेवायला हाक मारली की "आलोच" म्हणायचे. आले नाहीत. सुहास किटली धरून उभा, मी फडकी पिळायला. सहाच्या सुमारास छत एकदाचं नीट घडी होऊन बसलं आणि आम्ही निघालो. सुहास आणि बाबा पुढे, मी मागे.

दोन्ही बाजूंना ओकची झाडं, त्यांच्यातून पाझरणारं रवाळ तुपासारखं ऊन. इंजिन खोल आवाजात घुमत होतं. बाबांनी हात बाहेर काढून वारा मुठीत धरला, सोडला, पुन्हा धरला.

"आमच्या एसटीला हे सुचायला पाहिजे होतं," ते म्हणाले. सुहास डोळे पुसत होता.

मीसुद्धा, आयुष्यात प्रथमच, काहीही न मोजता मान मागे टाकली आणि डोळे मिटले. वारा अंगावरून वाहत होता. त्याच्याबरोबर काहीतरी नाजूक, हलकं, गालांवर, केसांत येऊन पडत होतं. पाकळ्या! बाबांच्या निरोपाला टेक्ससची झाडंसुद्धा फुलं उधळतायत, असं वाटून मला भरून आलं. एक पाकळी ओठांवर टेकली. मी ती हळूच चाखली.

मीठ कमी पडलं होतं.