आरशावरची रेघ

लग्न ठरलं तेव्हा मला पहिली लाज आणली ती माझ्याच आईनं. सुपारी फोडायचा कार्यक्रम सासरी, कळंब्याच्या घरात होता. आईनं जावयाच्या बोटात हिऱ्याची अंगठी घातली. वडिलांनी वारायच्या आधी कुणा ओळखीच्याकडून घेतलेली, तिनं ट्रंकेत जपून ठेवलेली. तेवढ्यात नवऱ्याची चुलती पुटपुटली, "अमेरिकन डायमंड दिसतंय की."

झालं! आईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं जावयाच्या बोटातनं अंगठी उपसली, बाहेरच्या सोप्यातल्या लोखंडी कपाटापाशी गेली आणि आरशावर चांगली वीतभर रेघ ओढली. "हिऱ्यानं काच कापत्यात, पावणं. बघून घ्या." कपाट नवंकोरं होतं हो. मी पदराचं टोक पिळत बसले, दुसरं करणार तरी काय?

पुढं नांदायचं त्याच घरात. रोज वेणी घालताना ती रेघ बरोबर माझ्या गालावरून जायची. आरशाच्या खालच्या कोपऱ्यात आणखी एक बोटभर रेघ होती. घरातल्या कुणा पोरानं ओढली असेल म्हणून मी सोडून दिली. सासूबाईंना मी आत्ती म्हणते. आत्ती आल्यागेल्याला वरची रेघ दाखवायच्या. "आमच्या विहिणीचा हिरा. अस्सल हाय." मला वाटायचं, ह्या मुद्दाम टोचून बोलतात.

दहा-बारा वर्षांनी नवऱ्याचं बोट जाड झालं म्हणून अंगठी वाढवायला गुजरीत नेली. सराफानं भिंगातनं बघितलं. "वैनी, ह्यो हिरा न्हाय." मी तावातावानं त्या रेघेचं सांगितलं. तो हसला नाही, हेच उपकार. "काच लई मऊ असती. ओढ्यातली गारगोटी घासली तरी रेघ उठती. हिऱ्यावर रेघ ओढायची तर मात्र हिराच लागतोय." मी मान खाली घालून घरी आले. वडील फसले होते आणि आईला त्याचा पत्ता नव्हता. तिला ह्या वयात सांगवेना, आणि आत्तींना कळलं तर चारचौघांत तिचं नाक कापलं जाणार.

कपाटाला रंग द्यायचं निघालं तेव्हा मी हळूच म्हटलं, "आत्ती, आरसा पण बदलूया."

"का गं?"

"रेघ दिसती."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग वाकून खालच्या कोपऱ्यातल्या रेघेवर बोट ठेवलं. "ही माझी. सुपारी झाल्यावर तुम्ही गेलासा, आन् म्या जत्रंत घेतलेल्या कानातल्या खड्यानं ओढून बघितली. ही बी उठली की."

मी खाली बसून ती रेघ बघितली. "मग बोलला का न्हाईसा?"

"एवढ्या माणसांत बाई इरंला पडलेली. तिला खोटी पाडून मला सून आणायची न्हवती."

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. इतकी वर्षं मी ह्या बाईला टोचकी म्हणत होते.

आरसा राहिला. रविवारी आई आली तेव्हा रंगाचा वास अजून गेला नव्हता. आत्ती तिला कपाटापाशी घेऊन गेल्या. "विहीणबाई, ही आरसा बदला म्हणत हुती. म्या म्हटलं, न्हाय. तुमच्या हिऱ्याची खूण हाय ती."

आई खुलली. पदर सावरून तिनं रेघेवरून बोट फिरवलं. मला दोघींपैकी एकीच्याही तोंडाकडं बघवेना.